चार बोटं पाणी

सकाळी साडेसहाला लोटनआप्पा बंधाऱ्यावर पोचले, तेव्हा सोनखीचं पाणी चहासारखं झालं होतं. काल संध्याकाळी तळातला गोटा न् गोटा दिसत होता. आप्पांनी वाकून ओंजळ भरली, नाकाशी नेली, आणि कुणाला न विचारता पाटाचं दार पाडायला घेतलं. लोखंडी दांड्याचे नऊ वळसे. नववा वळसा बसला, दार दगडी उंबऱ्यावर टेकलं आणि बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसा पाट थांबला. त्यांनी साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली.

पाणी गढूळ आलं की पाट बंद. मोरकुंडच्या पाटकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. गढुळामागे पूर असतो, पुरात रेती असते, आणि रेती शेतात शिरली की जमीन दोन वर्षं रुसते.

खानदेशातल्या या गावाचं सगळं बागायत चार फडांत वाटलेलं होतं. एका फडात एकच पीक. त्यात चाळीस-पन्नास जणांचे पट्टे. आणि सगळ्यांचं पाणी एका माणसाच्या हातात, तो पाटकरी. हातात एवढं काही दिल्यावर गावानं बदल्यात काहीतरी मागायला हवं, म्हणून शपथ. एकतीस वर्षांपूर्वी पाटकऱ्याची काठी स्वीकारताना देवळाच्या पायरीवर आप्पांनी तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा घेतला होता आणि म्हटलं होतं, ‘पाळीबाहेर दार उचलणार नाही, पुराचं पाणी फडात घेणार नाही.’ त्यानंतर त्यांनी सख्ख्या भावाला पाळीबाहेर पाणी दिलं नाही. भाऊ सहा वर्षं बोलला नव्हता.

आज घाई होती. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन, आणि साडेनऊपासून वीणेचा पहारा आप्पांचा. सात दिवस वीणा जमिनीला टेकलेली नव्हती. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवस म्हणून नाही की रात्र म्हणून नाही. पहाऱ्याला उभं राहताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा आप्पांचा नेम. तो सकाळपासूनच घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर राहिला.

त्या फोनवर आठ वाजून बारा मिनिटांनी पहिला निरोप आला. साडेदहापर्यंत एकोणीस आले.

*

निरोप पाठवणारी आप्पांची लेक होती. वैजयंता मोरकुंडपासून बावीस किलोमीटर खाली, चांदवेलच्या नियंत्रण केंद्रात बसलेली होती, आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर अख्खी सोनखी जिवंत होती.

या व्यवस्थेचं नाव ‘जागल’. तिची सुरुवात एका काडीपासून झाली. मातीतले काही जिवाणू सेंद्रिय कण खातात आणि खाताना इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. विज्ञानाला हे जुनंच ठाऊक होतं, पण त्या इतक्याशा विजेवर चालेल असं उपकरण नव्हतं. ते झालं. वीतभर लांब, अगरबत्तीहून जरा जाड काडी. जमिनीत खोचली की तिथल्याच जिवाणूंच्या श्वासावर ती वर्षानुवर्षं जगते, माती किती ओली आहे ते मोजते आणि दर अर्ध्या मिनिटाला शेजारच्या काडीच्या कानात सांगते. ती पुढचीला, पुढची तिच्या पुढचीला. बॅटरी नाही, तार नाही. सोनखीच्या पाणलोटात, म्हणजे जिथं पडलेला थेंब आज ना उद्या सोनखीतच यायचा अशा साडेसहाशे चौरस किलोमीटरांत, सव्वा लाख काड्या खोचल्या गेल्या. पुलांखाली पाण्याची उंची मोजणारी रडार लागली. ओढ्यांच्या तळाशी गोट्यांची गडगड ऐकणारे कान बसले. एकतीस बंधाऱ्यांना आपोआप उघडमीट होणारी दारं आली.

आणि हे सगळं एकदम दिसू लागल्यावर एक गोष्ट कळली. पूर म्हणजे नुसतं पुष्कळ पाणी नव्हे, एकाच वेळी आलेलं पाणी. चाळीस टाळकरी एका मात्रेवर टाळ मारतात तेव्हा मंडप हादरतो. तेच चाळीस टाळ मागेपुढे पडले तर नुसती किणकिण. सोनखीला चौदा ओढे मिळतात. चौदांचा लोंढा एकाच घटकेला चांदवेलला पोचला तर महापूर. पण एकाला वीस मिनिटं अडवलं, दुसऱ्याला आधीच पुढं काढलं, तिसऱ्याला पडीक रानात जरा पसरू दिलं, तर तेच आणि तेवढंच पाणी पुलाखालून मुकाट निघून जातं. कुणाला कधी अडवायचं, हा हिशेब माणसाच्या डोक्यात मावणारा नव्हता. जागल दर अर्ध्या मिनिटाला पाणलोटाचं हुबेहूब रूप आपल्या आत उभं करी, पुढचे सहा तास दहा हजार प्रकारांनी घडवून बघी, आणि त्यातला सगळ्यांत कमी दुःखाचा प्रकार निवडी. ‘कमी दुःखाचा’ हे वैजयंताचे शब्द. कागदोपत्री त्याला ‘न्यूनतम हानी’ म्हणत.

एकतीस दारं यंत्राची. बत्तिसावं, मोरकुंडचं, माणसाचं.

तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेत ती स्वतः उभी राहिली होती. गावानं अट घातली, काड्या खोचा, रडार लावा, पण पाटाच्या दाराला यंत्राचा हात लागता कामा नये. तिनं सहीनिशी कबूल केलं. आप्पा मागच्या रांगेत बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, “तुझ्या काड्यांनी मला अजून दोन-चार वर्षं ठेवलं म्हणायचं.” ती हसली होती. ते हसले नव्हते.

रात्रभर डोंगरात पाऊस होताच, आणि आज सकाळी आठ वाजता पश्चिमेच्या डोंगरावर ढग फुटला. तासाभरात सव्वाशे मिलिमीटर. काड्यांनी एकीनं दुसरीला सांगितलं, आणि भिंतीवर डोंगराचा तो तुकडा आधी हिरवा, मग निळा, मग काळपट जांभळा झाला. एकतीस दारं हलली. कुठं चार बोटं उचललं, कुठं अर्धं पाडलं, कुठं गायरानात पाणी पसरलं. वैजयंता नऊ वर्षं या खुर्चीवर होती, तरी तिच्या अंगावर काटा आला. साडेसहाशे चौरस किलोमीटर जमीन एक अंग असल्यासारखी वागत होती. डाव्या खांद्यावर भार आला की उजवा पाय सरकावा, तशी.

तरीही जागलच्या हिशेबात चांदवेलच्या भोई गल्लीत पाणी जोत्याच्या चार बोटं वर येत होतं.

चार बोटं, म्हणजे आठेक सेंटिमीटर. भोई गल्लीतली घरं मातीच्या भिंतींची, पण कमरेएवढ्या दगडी जोत्यावर. जोत्यापर्यंत पाणी कितीही दिवस उभं राहू दे, दगड ते सोसतो. जोत्याच्या वर बोटभर चढलं की माती प्यायला लागते. गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता फरशीपुलावरून होता आणि फरशी सकाळीच बुडाली होती. दोन होड्या ये-जा करत होत्या. तरी आत अजून दोनशे बारा माणसं होती.

जागलच्या यादीत शेवटची ओळ लुकलुकत होती. ‘मोरकुंड. पाटाचं दार उचला. भुईमुगाचा फड, नव्वद एकर, वीतभर पाणी, उद्या सकाळपर्यंत धरा. मुदत साडेअकरा.’

घड्याळात दहा चाळीस झाले होते. जागलला गावोगावच्या भोंग्यांत, माइकात, पडद्यांत शिरायचा अधिकार होता. वैजयंतानं तो कधी वापरला नव्हता. बटणावर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. काल्याचं कीर्तन चालू असणार. लहानपणी त्या मंडपात नुसती खोकली तरी आप्पा डोळे वटारायचे.

तिनं बटण दाबलं.

*

मंडपात शालिक महाराज रंगात आले होते. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडत होते.

“एकाच्या फडक्यात शिळी भाकर,” महाराज म्हणाले, “एकाकडे लोणच्याची फोड, आणि एक बिचारा मागं मागं सरकतोय, कारण त्याच्या फडक्यात नुसता कांदा! देव काय म्हणाले असतील त्याला? देव म्हणाले, अरे गड्या, तुझ्या कांद्यावाचून माझा काला...”

“आप्पा,” भोंगा म्हणाला.

मृदंग थांबला. चारशे माणसांनी वर बघितलं.

“आप्पा, वैजू बोलतेय. महाराज, माफ करा. पूर येतोय. पाटाचं दार उचलायला हवंय, साडेअकराच्या आत.”

पुढच्या रांगेतून फड समितीचे भटू अण्णा उठले. उपरणं झटकत म्हणाले, “अगं पोरी, काल्याचं कीर्तन चाललंय! तुझं यंत्र काय जरा वेळकाळ बघून बोलत नाही का? आणि पूर कसला? इथं ऊन पडलंय, ऊन! पापड वाळत टाकलेत बायकांनी!”

“अण्णा, पडदा बघा.”

मागच्या माणसांना महाराजांचा चेहरा दिसावा म्हणून मंडपात मोठा पडदा लावला होता. त्यावरचे महाराज गेले आणि सोनखी आली.

मोरकुंडच्या लोकांना सोनखी ठाऊक होती ती वडाच्या वळणापासून स्मशानाच्या वळणापर्यंत. आता पडद्यावर ती सगळी होती. डोंगराच्या माथ्यावर केसाएवढ्या बारीक निळ्या रेघा, शेकडो, हजारो, एकमेकींत मिळत, जाड होत, धपापत. कुठं माती भिजून काळी झालेली, कुठं अजून कोरडी, पिवळी. कुणाच्या डोंगरातल्या वावराचा बांध, कुणाची आंब्याची बाग, कुठल्या पाड्यावरची विहीर, सगळं त्या जाळ्यात गुंफलेलं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक जांभळा फुगवटा, सापानं काही गिळल्यावर दिसतो तसा, हळूहळू पुढं सरकत होता.

“आपलं गाव कुठंय यात?” कुणीतरी हळू विचारलं.

एक ठिपका उजळला. तिळाएवढा.

“माय वं,” बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, आणि काही हात आपोआप जोडले गेले. कशाला जोडतोय हे त्यांना सांगता आलं नसतं. जिच्या काठी आयुष्यभर धुणी धुतली, तिचं खरं रूप एवढं मोठं होतं आणि ते रोज घरामागून जात होतं.

आप्पा महाराजांच्या मागं वीणा घेऊन उभे होते. त्यांनी त्या रूपात सकाळचं चहासारखं पाणी शोधलं. ते चांदवेलच्या जवळ पोचलंही होतं.

“वैजू,” ते म्हणाले, आणि कुणीतरी माइक त्यांच्या तोंडाशी धरला. “दार पाडलंय मी. साडेसहालाच. गढूळ दिसलं म्हणून.”

“माहीत आहे, आप्पा. तेव्हा ते बरोबरच होतं.” तिचा आवाज जपून येत होता. “पण आता ते पाणी सरळ खाली येतंय. चांदवेलच्या भोई गल्लीत जोत्याच्या वर चार बोटं चढणार. मातीच्या भिंती आहेत. आत दोनशे बारा माणसं आहेत. भुईमुगाच्या फडात वीतभर पाणी उद्या सकाळपर्यंत उभं केलं, तर ते जोत्याखाली राहतं.”

“उद्या सकाळपर्यंत?” अण्णांचा आवाज चढला. “पंधरा दिवसांनी काढणी आहे! शेंगा जमिनीत सडतील सगळ्या. सत्तेचाळीस घरांचा फड आहे तो, पोरी. तुझ्या पडद्यावर तीळ दिसत असेल, आमचं वर्ष आहे ते!”

“तेही दिसतंय, अण्णा. यंत्रानं ते हिशेबात धरलंय. दहा हजार वाटा बघितल्या त्यानं. याहून हलकी सापडली नाही.”

मंडपात कुजबुज वाढली. पाणी सोडलं की आपलं राहत नाही, खाली त्याचं काय होतं ते खालच्यांनी बघावं, असंच आजवर चाललं होतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. दिसतच नव्हतं. आता भोई गल्ली पडद्यावर होती, घरं मोजता येत होती, आणि न बघितल्यासारखं करायला कुठं जागा उरली नव्हती.

“महाराज,” अण्णा वळले, “तुम्हीच सांगा आता. तुमचा शब्द कुणी मोडायचं नाही.”

शालिक महाराजांनी घाम पुसला. कीर्तनकाराला यापेक्षा सोपा प्रसंग मिळत नाही. दोन वाक्यांत त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं. ते म्हणाले, “अण्णा, मी गावोगाव हिंडणारा माणूस. माझी या फडात एक सरी नाही. दुसऱ्याच्या भुईमुगावर मी उदार कसा होऊ? आत्ता गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होतो ते सोपं होतं, त्यातली एकही माझी नव्हती.”

मग ते आप्पांकडे वळले. “एवढं करू शकतो. वीणा माझ्याकडे द्या. तुमचे हात मोकळे होऊ द्या. काय करायचं ते त्या हातांनी ठरवा.”

वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. जमिनीला टेकली नाही.

मोकळे हात घेऊन आप्पा उभे राहिले. बायकांतून बेबाकाकू उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, भुईमुगाच्या फडात तीन पट्टे, आणि घरात कमावतं दुसरं कुणी नाही.

“वैजे, त्या गल्लीतल्या भिंतींना आतून लाकडाचे खांब आहेत का नुसत्याच आहेत?”

“नुसत्याच, काकू.”

“मग आवाज येत नाही,” बेबाकाकू म्हणाल्या. “आधी भिंत फुगते. मग बसते. पळायला सांगणारा आवाजच येत नाही. आमच्या माहेरी बघितलंय मी. माझे तीन पट्टे घाला पाण्यात. बाकीच्यांचं ते बोलतील. पण लोटन, शपथ तुझी आहे. ती मला सोडवता येणार नाही, आणि या मंडपात कुणालाच नाही.”

“खरं आहे, काकू.”

आप्पांनी कमरेची किल्ली काढली. एकतीस वर्षांत त्यांनी त्या किल्लीला असं सगळ्यांसमोर हातात धरलं नव्हतं.

“मी शब्द दिला होता, पुराचं पाणी फडात घेणार नाही,” ते म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता, पण माइक कुणीतरी धरूनच होतं. “तो मी मोडतोय. यंत्र मोडत नाही, वैजू मोडत नाही, तुम्ही कुणी मोडत नाही. मी. आणि सकाळी दार पाडलं तेही मीच. उद्या पाटकऱ्याची काठी माझ्याकडून काढून घ्या. ज्याला अडवायचंय त्यानं आत्ताच अडवावं.”

ते मंडपातून निघाले. अण्णा त्यांच्या वाटेतच उभे होते. आप्पा त्यांच्यासमोर थांबले.

भटू अण्णांनी पडद्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. “चल,” ते खेकसले. “एकट्याच्यानं उचलणार आहे का ते? पलीकडून पुराचा दाब आहे. चार माणसं लागतील.” आणि उपरणं कमरेला बांधत मागं वळून ओरडले, “अरे बसून काय राहिलात? फावडी आणा!”

*

दार उचलायला चार नाही, सहा माणसं लागली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पाणी बंधाऱ्याच्या काठाला घासून चाललं होतं, तपकिरी, फांद्या आणि फेस घेऊन, आणि त्यावर लख्ख ऊन पडलेलं. अण्णांच्या फोनवरून वैजयंता बोलत होती.

“पाच वळसे, आप्पा. मग थांबा.”

पाच वळसे झाले. पाट गर्जना करत भरला. बैलगाडी जाईल एवढा रुंद तो दगडी पाट आप्पांनी कधी असा काठोकाठ बघितला नव्हता.

“आता फडात शेवटचा पट्टा आधी. तो भरला की त्याच्या वरचा. मग मधले चार सोडून कडेचे...”

आप्पा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

“थांब. ही पाळी तुला कुणी सांगितली?”

“जागलनं.”

“त्याला कुणी सांगितली?”

“तुम्हीच, आप्पा. काड्या तीन वर्षं तुमचा हात बघताहेत. तुम्ही कुठल्या पट्ट्याला किती वेळ दिला, कुठली जमीन पटकन पिते, कुठली ओठ मिटून बसते. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते त्यानं तुमच्याकडून घेतलं.”

“नवव्या पट्ट्याचा बांध...”

“कच्चा आहे. माहीत आहे त्याला. मागच्या साली तिथं तुम्ही पाणी देताना हात आखडता घेतला होता. म्हणून तिथं निम्मंच सांगितलंय.”

नवव्या पट्ट्याच्या बांधाला उंदरांनी बिळं पाडली होती. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानशी गोष्ट होती, हातालाच ठाऊक. आणि ती एका काडीनं मातीत उभं राहून बघितली होती, लक्षात ठेवली होती, आणि आज दोनशे बारा माणसांच्या हिशेबात धरली होती. एकतीस वर्षं आपण जे केलं ते बघणारं एक कुणीतरी आहे, असा त्यांचा भाव होता. ते देवळात आहे असं ते धरून चालले होते. पायाखालीही कुणी बघत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

“पुढचं सांग,” ते म्हणाले.

सबंध गाव भुईमुगाच्या फडात उतरलं. पाणी शिरलं तशी हिरवीगार पानं आधी थरथरली, मग तरंगली, मग खाली गेली. ज्यांचे पट्टे होते तेच फावड्यानं बांध फोडून पाण्याला वाट देत होते. मधे एकदा नवव्या पट्ट्याशी बांध पाझरू लागला, तेव्हा अण्णा त्यात स्वतः बसले. बांधाला पाठ लावून, चिखलात, पांढऱ्या धोतरानिशी.

“अण्णा, उठा, माती टाकतो!”

“टाक की! माझ्यावर टाक! नाहीतरी आज सोवळं कुठं राहिलंय?”

पोरीबाळी हसल्या. दोन तासांतलं ते पहिलं हसू.

दोनच्या सुमाराला देवळातून काल्याची पातेली थेट बांधावर आली. शालिक महाराज गळ्यात वीणा घेऊन मागोमाग चालत होते. त्यांनी सकाळपासून ती उतरवली नव्हती. दही, लाह्या, डाळ, लोणचं, कांदा. हात धुवायला जागा नव्हती. पाणी सगळीकडे होतं, पण सगळं गढूळ. लोकांनी चिखलाच्या ओंजळी पुढं केल्या. महाराजांनी कुठलंच निरूपण केलं नाही. फक्त वाढणाऱ्याला म्हणाले, “बेबाबाईंना जरा जास्त घाल.”

*

सूर्य टेकायला आला तेव्हा आप्पा दारापाशी बसले होते. समोर नव्वद एकर तांबूस आरसा. भुईमुगाचं एक पान दिसत नव्हतं. भटू अण्णा घोंगडी घेऊन आले, ती त्यांच्या खांद्यावर टाकली आणि शेजारी बसले.

“काठीचं काय करायचं ठरलं?” आप्पांनी विचारलं.

“काठीचं उद्या. आता पाण्याकडे बघ.”

फोन वाजला. पडद्यावर वैजयंता होती, पण तिच्यामागं केंद्राची भिंत नव्हती. ती होडीतून उतरून एका ओट्यावर उभी होती.

“आप्पा, मी भोई गल्लीत आलेय. नऊ वर्षांत पहिल्यांदा.” तिनं फोन खाली वळवला. दगडी जोतं. त्याच्या वरच्या कडेखाली, साधारण दोन बोटांवर, पाणी. संथ, चकाकणारं. त्याच्या वर मातीची भिंत, कोरडी. “एकही बसली नाही.”

आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ते दगडाची ती कोरडी दोन बोटं बघत राहिले.

“कोण आहे गं? ते दारवाले का?” वैजयंताच्या मागून एक बाई पुढं आली. कडेवर एक पोर, दुसरं पदराला. तिनं फोनमध्ये डोकावून बघितलं. “तुम्हीच का?”

“हो.”

“कुठलं गाव म्हणायचं तुमचं?”

“मोरकुंड.”

“कुठं आलं हे? आम्ही कधी ऐकलं नाही बाई.”

“तुमच्या वरच्या अंगाला. आम्हीही तुमची गल्ली ऐकली नव्हती, आज सकाळपर्यंत.”

बाई हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा थकून गेला. “शेंगा गेल्या म्हणे तुमच्या.”

अण्णांनी मान दुसरीकडे वळवली.

“मागून अजून एक लोट यायचाय म्हणतात,” बाई म्हणाली.

“येणार आहे,” वैजयंता म्हणाली, “पण जागलच्या मते...”

बाईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती आप्पांकडेच बघत होती. “तुम्ही दार धरून ठेवणार का?”

“सकाळपर्यंत.”

“नक्की?”

आप्पांनी समोरच्या बुडालेल्या फडाकडे बघितलं. दिलेला शब्द मोडून त्यांना अजून पुरता दिवस झाला नव्हता. शेजारी अण्णांनी घोंगडीचं टोक ओढून आप्पांच्या गुडघ्यावर नीट केलं.

“नक्की,” आप्पा म्हणाले.

“सकाळपासून उभे आहोत हो सगळे. भिंतीला टेकायला धजत नाही कुणी. पोरं पेंगून पेंगून पडायला आलीत.” तिनं कडेवरचं पोर सावरलं. “मग आम्ही निजू का?”

“निजा, ताई. मी आहे दारापाशी.”

बाई वळली. फोनवर आता फक्त गल्ली दिसत होती. ओट्याओट्यावर उभी असलेली माणसं, दारादारात कंदील. आणि तिचा आवाज आला, मोठ्यानं, या टोकापासून त्या टोकाला पोचेल असा.

“निजा गं बायांनो! ते आहेत तिथं!”